सोंग

रात्रीचे दोन वाजून दहा.
भिरोंड्याच्या मांडावर तिसरा अंक,
आणि विंगेत, दातांत बॅटरी धरून, वही घेऊन मी.

तुळशीदास गावस,
एरवी पाणीपुरवठ्याचा पंपवाला, वर्षातून एक रात्र राजा,
म्हणाला, "सेनापती, दरवाजे उघडा.
वैरी असला तरी आज तो आमचा पाहुणा..."
आणि थांबला.

मी हळूच म्हटलं, आहे.
पुन्हा म्हटलं, आहे.
तिसऱ्यांदा ते पेटीवाल्यालाही ऐकू गेलं.
राजाची मिशी उजवीकडे लोंबली.
लोक हसले. आम्हांला वाटलं, गोंद सुटला.
मग तलवार पडली.
लाकडाची, वर चांदीचा कागद, तिचा आवाजही खोटा,
पण ती उचलायला जो हात जायला हवा होता
तो गेला नाही.

"अंगावरनं वारं गेलं," मागून कुणीतरी म्हणालं,
आणि खुर्च्या सरकल्या.
एकानं कांदा फोडला. एकानं तांब्या आणला.
जेवलास का रे, हे कुणीच विचारलं नाही.
रंग खराब होतो म्हणून तो दुपारपासून उपाशी होता,
डायबिटीसची गोळी मात्र घेतलेली,
वेळेवर, बायकोच्या धाकानं.

वाळपईहून एकशेआठ आली.
उतरली ती ज्युलिएता कुलासो, जेमतेम पंचविशीची.
तांब्या बाजूला सारला: "तोंडांत कितेंच घालूं नाकात."
हात उचला म्हणाली, एकच उचलला.
हसा म्हणाली, अर्धंच हसला.
"केव्हापासून?"
तिसरा अंक, दुसरा प्रवेश, मी म्हटलं.
"वेळ सांगा, वेळ."
दोन दहा.
तिनं ते हातमोज्यावर पेनानं लिहून घेतलं.

"बांबोळीला न्या, लगेच!" सगळा मांड ओरडत होता.
"व्हरतां. आदीं साखर पळयतां."
त्याच्या बोटातली काचेची अंगठी काढली,
टोचलं.
यंत्रानं पाच मोजले आणि दाखवलं: एकतीस.

पुठ्ठ्याचा बाजूबंद फाडून
तिनं कोपराच्या खळगीतला रंग पुसला, शीर शोधली.
ग्लुकोज जात राहिलं, हळूहळू, पाकासारखं.

मी तेव्हा बापाचा विचार करत होतो.
त्याचं खरं होतं,
पण आलं होतं ते दारूचं सोंग घेऊन.
काजूचे दिवस, भट्टीवरून परत येताना
जीभ जड, एक पाय ओढत.
आई म्हणाली, झोपू दे, उतरेल.
आम्ही पांघरूण घातलं, चांगलं जाड.
सकाळचं सांगत नाही.

करंगळी हलली.
मग मूठ, मग मनगट,
आणि डोळे उघडून तुळशीदासनं आधी तिच्याकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,
"आहे."

कुणीतरी टाळी वाजवली. एकच.

तरी तिनं स्ट्रेचर आत घेतलंच.
"आता कशाला? बरा झाला की!"
"गोळी अजून पोटांत आसा," ती म्हणाली,
"साखर परत देंवतली. आनी डॉक्टराक एक फावट पळोवं दी."
बायको सत्यवती चढली,
मांडीवर न उघडलेला डबा.
दार लागेपर्यंत ती त्याची मिशी सोडवत होती,
सरळ झालेल्या ओठावरून, अगदी सावकाश.

चौथा अंक झाला नाही.
लोक मात्र बराच वेळ बसून राहिले.

घरी पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होतं.
धाकटा भाऊ ओसरीवर आडवा, रात्रीची चढलेली.
त्याला हलवून बसवलं.
हस, म्हटलं. हस एकदा.
हात वर कर, दोन्ही.
त्यानं मला आईवरून शिवी दिली,
स्पष्ट, एकही अक्षर न गिळता,
अख्ख्या तोंडानं.

मग मी पांघरूण घातलं.