उणे पन्नासात मूठ

"घडीचा नको. बिजागरी गोठते," बोर्गोन म्हणाला,
"आणि लोखंडी मूठ तळहात सोलते."
तुयारानं चकचकीत चाकू मागे सारले,
एक काळा उचलला:
एक गाल सपाट, दुसरा फुगलेला,
मूठ बर्चच्या गाठीची.
"गंजेल."
"गंजू दे. ओढ्यातल्या गोट्यावर उतरतो गंज."

तिनं गोठलेल्या माशाचा पापुद्रा काढला,
रंध्याखालच्या भुशासारखा कुरळा, जिभेवर ठेवला.
मग सरपणाच्या दोन ढलप्या.
मग धार, अंगठ्याच्या नखावर.

"मूठ जाड आहे."
बोर्गोन भात्यापाशी वाकला, उगाच.
माप त्याच्याकडे एकच होतं,
लेना नदीच्या बर्फाखाली गेलेल्या
तिच्या बापाच्या हाताचं.

तिनं हातमोजा चढवला.
आता बसली.