घेवडा रस्त्यावरचं घर

आमच्या भागात रस्त्यांना भाज्यांची नावं आहेत.
वाटाणा रस्ता, बटाटा रस्ता, आणि आमचा घेवडा.
तार्तूत कुणी पत्ता विचारला की
मला दर वेळी भूक लागते.

घर लाकडी. ओंडक्यावर ओंडका रचलेलं,
नदीकडे जरासं कललेलं,
कमी ऐकू येणारं माणूस झुकतं तसं.
घेतलं तेव्हा ताइवो म्हणाला, सगळं काढू.
खिडक्या प्लास्टिकच्या, भिंतींना फोम,
जमिनीवर लाकडासारखं दिसणारं काहीतरी.
ठेकेदारानं दोन पानी अंदाजपत्रक दिलं.
त्यातलं पहिलं पान नुसतं फेकण्याचं होतं.

मी दूधसंघात हिशेब लिहिते,
आकड्यांशी माझं वैर नाही.
पण "जुनं लाकूड, विल्हेवाट" यापुढची रक्कम वाचून
पेन्सिल थांबली.
आपलंच घर फेकायला
आपणच पैसे मोजायचे?

लोखंडी पेटी तरी आलीच. दारात उभी राहिली
आ वासून.

मग हेल्यू आली, खिडक्या बघायला.
सत्तरीची, नखांत जवसाच्या तेलाची पिवळी कड.
चौकटीत तिनं चाकूचं टोक रोवलं,
डॉक्टरनं पोट दाबावं तसं,
इथे दुखतंय? इथे? इथे?
खाली दोन बोटं लाकूड भुसभुशीत निघालं.
"एवढंच मेलंय," म्हणाली,
"बाकीचं तुमच्यापेक्षा ठणठणीत."
ताइवो हसला नाही.
त्याची कंबर धरली होती तेव्हा.

भिंतीचा कागद सोलला.
फुलांचा, त्याखाली पट्ट्यांचा,
त्याखाली वर्तमानपत्रं, पिठाच्या खळीनं चिकटवलेली.
गाय हरवल्याची जाहिरात.
शिवणयंत्र विकणे आहे.
उद्या बर्फ पडेल, असा एक अंदाज,
तो बर्फ कधीच वितळून गेला.
कुणीतरी घराला बातम्या पांघरल्या होत्या.
आणि ओंडक्यांच्या फटींत दलदलीतलं शेवाळ.
मी बोटानं उपसलं: कोरडं, करकरीत,
कुणाचंही हमीपत्र नसताना.

मग आम्हीही तेच केलं, थोडं आमच्या पद्धतीनं.
माळ्यावर रद्दीचा भुगा भरला,
भिंतींना माती, वाळू आणि नदीकाठच्या बोरूचा भुसा.
ताइवो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
चिखल तुडवत होता, कंबरेचं विसरून.
समोरचा एन्देल कुंपणावरून म्हणाला,
"सिमेंट मिळेनासं झालं वाटतं?"
दुसऱ्या रविवारी तोच बादली घेऊन दारात,
गिलावा उरलाय का, विचारत.

सगळं साधलं असं नाही, तेही लिहिते.
छपराचे करडे पत्रे सोव्हिएत काळातले,
त्यांच्या धुळीत विष.
मास्क बांधलेली दोन माणसं आली
आणि पांढऱ्या पिशव्यांत गुंडाळून ते घेऊन गेली,
एक शब्द न बोलता.
नवं छप्पर जस्ताच्या पत्र्याचं. कुठल्यातरी डोंगरातून
निघून, भट्टीतून, जहाजातून आलेलं.
त्याचा रकाना माझ्या वहीत आहे.
स्वयंपाकघराचा गिलावा दोनदा करावा लागला,
कारण आम्ही वाळायची वाट पाहिली नाही.
आणि एका रात्री आमचं मोठं भांडण झालं,
ते गिलाव्यावरून नव्हतं.

पेटी न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं
आत डोकावून पाहिलं.
"एवढंच?"
पैसे मात्र पूर्ण घेतले.

आता जानेवारी. बाहेर उणे एकोणीस.
खिडकीच्या दोन काचांमध्ये
हेल्यूनं कापसाची लांब वळकटी ठेवलीय.
जुन्या काचेतून रस्ता लाटा मारतो,
बर्फ ढकलणारा एन्देल
गुडघ्यात वाकडा होतो, पुढच्या पावलाला सरळ.

उत्तरेची एक खिडकी अजून शीळ घालते.
वसंतात बघू, म्हणतो ताइवो.
तोवर तिच्या फटीत मी
त्याचा लोकरी मोजा कोंबलाय, डाव्या पायाचा.
सकाळपासून
तो घरभर हिंडतोय
एक पाय उघडा टाकत.