दोघांची मापं माझ्याकडे आहेत

सॉल्टपाँडच्या अलीकडे, ट्रोट्रो थांबते न थांबते
तिथं माझं दुकान. वर पत्रा, खाली पायमशीन,
आणि एक आरसा, खालून फुटलेला,
त्यात गिऱ्हाइकाला स्वतःचे पाय दिसत नाहीत.

अर्ज भरायच्या आधीच्या आठवड्यात एबो आर्कर्स्ट आला.
गाडी त्यानं पार मिठागरापाशी सोडली होती
आणि चालत आला होता, हे मला मागाहून कळलं.
अंगातला शर्ट काढून दिला, तेव्हाच बोटांनी ओळखलं,
ही काजं आपल्या किनाऱ्यावरची नव्हेत.
म्हणाला, अराबा, एक साधा सदरा शिव.
जुना वाटला पाहिजे. कोपरावर ठिगळ लाव.
मी म्हटलं, फाटल्याशिवाय ठिगळ?
फाड ना मग, म्हणाला.

फाडायचे वेगळे पैसे घेतले मी.

तीन दिवसांनी, दिवे गेल्यावर, सॅम्प्सन एग्यिर.
आमच्या पोरांना गणित शिकवतो.
पिशवीत मेलेल्या मेव्हण्याचा कोट, लंडनचा.
हा माझाच वाटला पाहिजे, म्हणाला,
फोटो काढायचाय.
खांदे चार बोटं मोठे. मी आत कापूस भरला.
तो आरशाकडे न बघता बोलत राहिला:
बाजारात म्हणतात, याचंच छप्पर अकरा वर्षं गळतंय,
हा आपल्या बाजारावर काय पत्रे घालणार.
मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, ते बरं झालं.
मंगळवारी, एफुआच्या मासळीच्या भट्टीपाशी
हे मीच बोलले होते.

भट्टीपाशी आणखी बरंच बोललं जातं.
पोट भरलेला माणूस दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही,
एफुआ म्हणते, धुरानं डोळे पुसत.
जाळं सांधणारा म्हातारा क्वामिना म्हणतो,
भरलेल्याचंच पोट मोठं असतं बायांनो.
किती मोठं, ते हिला विचारा.
सगळ्या माझ्याकडे वळल्या.
मी म्हटलं, चव्वेचाळीस इंच.
हशा पिकला. पण टिंगलीचा नव्हता तो,
कौतुकाचा होता. जणू त्या पोटात
थोडं थोडं आम्हीही जेवलो होतो.

आणि मास्तरांचं? कुणीतरी विचारलं.
तीस.
कुणी हसलं नाही.
एफुआ म्हणाली, बिचारा.
मी तेव्हाच समजले. आपल्याकडे बिचाऱ्याला
केंकी देतात, मत देत नाहीत.

सभेला आर्कर्स्ट ठिगळाचा सदरा घालून उभा राहिला.
बाया एकमेकींना कोपर दाखवत होत्या:
एवढा पैसा, आणि बघ ग, माणूस किती साधा!
दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात मास्तर,
भर उन्हात तो लोकरी कोट.
शाळेच्या संडासाबद्दल बोलला, आकड्यांसकट,
बंदराच्या ठेक्याबद्दल बोलला, तेही आकड्यांसकट.
लोक कोटाकडे बघत होते.
मागून एक जण म्हणाला, याला कुठून आला एवढा पैसा?
मी तिथंच होते. मला सांगता आलं असतं,
मेव्हण्याचा आहे, आत माझा कापूस आहे.
पण गिऱ्हाइकाचं गुपित फोडू नये
असं माझ्या आईनं शिकवलंय मला.
त्या दिवशी ते फार सोयीचं पडलं.

मतपत्रिकेवर दोघांचे फोटो, अंगठ्याएवढे.
दोन्ही कॉलरी माझ्या.
एकीची टीप जरा वाकडी गेली होती, ती मी ओळखली.
अंगठा शाईत बुडवला. सुईनं टोचून टोचून
त्याचा ठसा कधीच नीट उमटत नाही.
कुठं उमटवला, ते विचारू नका.

जिंकला कोण, ते तुम्हाला कळलंच असेल.
मास्तर येऊन कोटातला कापूस काढून घेऊन गेला म्हणाला,
म्हणजे, काढ म्हणाला; बहिणीला कोट परत हवा होता.
कापूस मी ठेवून घेतला.

आणि परवा आर्कर्स्टचा ड्रायव्हर आला.
साहेबांनी बक्षीस दिलेला सदरा घेऊन.
तेवढं ठिगळ काढून दे, म्हणाला,
चारचौघांत बरं दिसत नाही.
मी सदरा उलटा केला, त्याला आतून दाखवलं:
काढते की. पण याच्याखाली
मी फाडलेलं आहे.