मृतसाठा

फोनवर रोज सकाळी आकडा येतो:
उजनी वजा एकतीस. वजा चौतीस.
वजा म्हणजे पाणी संपलं असं नव्हे.
दारांच्या खाली उरतं, कुणाला सोडता येत नाही,
त्या पाण्याला साहेब लोक मृतसाठा म्हणतात.
आम्ही त्यात चिलापी धरतो.

वजा अठ्ठेचाळीसला जुन्या बोरखडीची कड उघडी पडली.
शाळेचं जोतं, दोन आड, चिंचेचे खुंट,
पिठाच्या गिरणीचा एकटाच दगड.
आणि त्याच्याही खाली, लाटांनी खरवडलेल्या दरडीत
राखेचा पट्टा,
पट्ट्यात तोंडाला तोंड लावून आडवे निजवलेले
दोन रांजण.

मला वाटलं, धन.
होडी टेकवली, बोटानं माती उकरली.
आत हाडं.
चिलापीच्या काट्यांहून थोडी जाड, इतकीच.

सोलापूरहून उत्पात मॅडम आल्या.
गाळात गुडघे रोवून ब्रशनं झाडत राहिल्या,
झोपलेल्याच्या कपाळावरची माशी हाकलावी तसं.
म्हणाल्या, मल्लावदादा, तीन हजार वर्षं.
पोर वर्षाचंही नसेल.
घराच्या जमिनीतच ठेवायचे, चुलीपासून हात-दीड हातावर.

पलीकडे एक मोठं माणूस, उत्तरेला डोकं.
पाय घोट्यापासून नव्हते.
सुसरीनं नेले का, मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत. तोडून पुरायचे, म्हणाल्या.
का, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही.
एक अंदाज असा, की गेलेल्यानं
घर सोडून जाऊ नये.

मी माझे पाय पाहिले, चिखलाचे.
बोरखडी उठली तेव्हा मी आईच्या कडेवर होतो.
ट्रकमध्ये चौकटी, पत्रे, शेळ्या,
आईच्या मांडीवर जात्याची वरची पेड,
खालची राहिली ती राहिलीच.
सगळ्यांचे पाय शाबूत होते.

परवानगीशिवाय काढता येत नाही म्हणून
त्यांनी चित्रं काढली, फोटो घेतले, माती परत लोटली.
अर्ज पुण्याला गेला. तिथून दिल्लीला, असं कळलं.
इकडे दुपारचा वारा सुटला की
दरड वीत वीत खाली यायची.
मी मेढ रोवून तिच्यावर खाचा पाडत होतो.
अकराव्या खाचेला मेढच गेली.

मग दौंडचा विसर्ग वाढला.
वजा वीस. वजा नऊ.
वर माळावर, नव्या बोरखडीत, फटाके आणून ठेवले:
उजनी प्लसमध्ये आली की वाजवायला.
केळीवाल्या देवकात्यांनी पेढे सांगितले.
दोष कुणाला देऊ? माझीही होडी
गाळात रुतून दोन महिने झाले होते.

त्या रात्री जुनं जाळं दुहेरी केलं,
दरडीला ताणलं, खाली विटा बांधल्या.
जाळ्यानं पाणी अडत नाही,
हे भोयाला कुणी सांगायला नको.
तरी बांधलं.
बांधताना अंधारात रांजणाला हात लागला.
गार नव्हता. दिवसभराचं ऊन
त्यात अजून होतं.

सकाळी जाळ्यात चार चिलापी, एक चप्पल,
खापराचा हातभर काठ
आणि एक लाल मणी, भोक पाडलेला,
पोरीच्या कानातल्या मण्याएवढा.
दरड होती तिथं नुसतं पाणी,
तांबडं, गोल गोल फिरणारं.
मॅडमना फोन लावला. लागेना.

तोलायच्या काट्यावर मणी ठेवून पाहिला.
शून्य.
दोनदा उचलून ठेवला. शून्य.
तेवढ्यात आकडा आला: उजनी शून्यावर.
माळावर पहिली माळ फुटली,
बगळे एकदम उठले.

गिऱ्हाईक उभं होतं, घाईत.
मणी न काढताच मी मासे तोलले.