खालचा मी

शुक्रवारी साडेसहाला नेउस येते, अंगाएवढी पेटी ओढत.
जिन्याच्या दर पायरीला एक धप्प.
खाली बँडच्या कँटीनमध्ये म्हातारे डॉमिनो आपटत बसलेले,
त्यांना वाटतं, वर कुणीतरी कपाट हलवतंय.

अकरा वर्षांची. तिला हवी होती बासरी.
पण बास क्लॅरिनेट वाजवणारा आमचा जाउमे
नोकरी लागून सारागोसाला गेला
आणि मार्चच्या मिरवणुकीपर्यंत त्या खुर्चीत कुणीतरी बसायला हवं होतं.
मी म्हणाले, तुझी बोटं लांब आहेत.
खोटंच. बोटं चारचौघींसारखी आहेत.

सोल आला. फा आला. एकेक पायरी उतरत
दोपर्यंत आली सुखरूप.
तिथून पुढे उजवा हात लागतो,
आणि तिथेच ती किंकाळी,
गोठ्याच्या दाराला वर्षानुवर्षं तेल न घातल्यासारखी.
सगळ्यात तळाशी आहे तो खर्जातला मी,
तो तर येईचना.

मला जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं.
दात रोवू नकोस. हनुवटी सैल सोड.
खालची खुंटी दोन बोटं वर घे,
वाद्याने तुझ्यापर्यंत यावं, तू मान वाकवून त्याच्याकडे जायचं नाही.
गरम सुपावर मारतो तशी फुंकर नको,
हिवाळ्यात काचेवर वाफ सोडतो तशी सोड,
तिच्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी सावकाश.
घशात अडवलेली जांभई असते ना, तशी जागा कर.
समोर स्टुलावर बसून
तिच्या सगळ्या किल्ल्या मीच दाबून धरल्या,
म्हटलं, आता तू फक्त श्वास दे.
किंकाळी.

नोव्हेंबरात भातखाचरांत पाणी सोडतात,
सरोवर गावाच्या उंबऱ्याला येऊन टेकतं,
भिंती ओल्या, रीड ओल्या, माणसं चिडकी.
त्या संध्याकाळी मी म्हणाले, तू ऐकतच नाहीस.
ती रडली नाही. वाद्य माझ्यापुढे धरलं.
"मग तुम्ही वाजवून दाखवा."

सव्वीस वर्षं शिकवतेय.
छाती भरून घेतली, ओठ लावले.
तीच किंकाळी. हुबेहूब.
खाली डॉमिनोचा आवाज थांबला.

मग एलिसेउकडे गेले, तो अजून तंबाखू हाताने वळतो.
त्याच्याकडून एक कागद मागितला, पट्ट्या कापल्या,
दर पॅडखाली एक घालून ओढत गेलो दोघी.
हा धरतो. हाही धरतो. हा धरतो.
सहाव्याची पट्टी सुटून आली,
जणू तिला कुणी धरलंच नव्हतं.
दिवे मालवून नळीत मोबाइलचा उजेड सोडला,
पॅडच्या कडेला नखाएवढी चमकती कोर.
सळई वाकलेली. जाउमेच्या हातून कधीतरी पडलं असणार,
बोलला नाही.

आणि मी दोन महिने खापर फोडत होते
एका पोरीच्या ओठांवर.

एलिसेउने आयुष्यभर शेतातले पंप दुरुस्त केले.
त्याने लाकडाची पाचर लावून अंगठ्याने सळई रेटली,
एवढी नाजूक की मला बघवेना.
मी नेउसला म्हणाले, चूक माझी होती.
ती म्हणाली, हं. आणि रीड तोंडात घेतली.

आधी नुसती हवा.
मग हवेच्या मागून कुठूनतरी एक घरघर,
मग स्टुलाचा पाय,
मग माझ्या गुडघ्याची वाटी.
खालून एलिसेउ ओरडला,
"या वेळी पंप कुणी चालू केला रे?"

तिने श्वास संपेतो सोडला नाही.
मग ओठ पुसत विचारलं,
"याच्याखाली काय आहे?"
म्हटलं, अर्धी पायरी आणखी आहे, मी-बेमोल.
त्याच्याखाली पितळेचा भोंगा.
त्याच्याखाली रबराचं टोपण आणि फरशी.

"आणि फरशीखाली ते म्हातारे," ती म्हणाली,
आणि पुन्हा तोच लावला, त्यांच्यासाठी.