ङ

तक्त्यावर क कमळाचा होता, ख खडूचा,
ग गडूचा, घ घराचा,
आणि ङ चा चौकोन कोरा.
बाईंची छडी तिथे न थांबता
पुढे चमच्यावर जायची.
"ह्याचं काही नसतं," त्या म्हणायच्या. "नुसतं म्हणायचं."

चाळीस वर्षांनी, पर्थपासून चार तास आत,
नोरीन ट्रेथोवनच्या धुळकट गाडीतून
तसाच तक्ता पाहतोय मी:
गहू, गहू, सातू, गहू, कापून झालेलं रान,
आणि मध्येच एक काळपट चौकोन
ज्यात कुणी कधी काही पेरलं नाही.

"सासऱ्यांना वेडा म्हणायचे लोक.
सरकारचाच हुकूम होता, झाडी तोडा नाहीतर जमीन सोडा.
दोन ट्रॅक्टरांमध्ये साखळदंड बांधायचा आणि ओढत न्यायचा,
दिवसात दोनशे एकर आडवे.
ह्या तुकड्याशी आले आणि साखळी तुटली.
नवी यायला महिना लागला.
तेवढ्यात त्यांचं मन पालटलं
की नुसताच कंटाळा आला,
ते काही बोलले नाहीत. फार बोलायचेच नाहीत."

शेजारच्या शेतात जमिनीतून मीठ वर आलंय,
पांढरं, पापुद्र्यापापुद्र्याचं.
नोरीननं चौकोन कागदावर बांधून टाकलाय:
पुढे कुणीही विकत घेवो, नांगर लावता येणार नाही.
मुलगा दोन नाताळ घरी आला नाही.
हे ती गिअर बदलता बदलता सांगते.

आत निलगिरी.
आपल्याकडे उपरी म्हणून नाक मुरडतो ती,
इथे घरची, बुटकी, एका मुळातून पाच खोडं.
कोरल यारन पुढे चालते, कुंपणाची तार चाचपत.
कोल्ह्यांसाठी टाकलेल्या मांसाच्या तुकड्यांवर पाय देऊ नको, म्हणते.
त्यातलं विष इथल्याच एका झुडपात असतं;
इथल्या जनावरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पचवलंय.
कोल्हा बोटीतून आला. त्याला ते सोसत नाही.

मग वाळूचा, पालापाचोळ्याचा एक ढीग,
कंबरेएवढा. मी म्हणालो, उकिरडा?
तिनं ओठांवर बोट ठेवलं.

एक पक्षी. कोंबड्याहून थोराड,
अंगावर सावलीच्या चिंध्या.
पायानं वाळू मागे फेकत होता, मग थांबला,
चोच आत खुपसून उभा राहिला,
बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात
कोपर बुडवून बघतात ना, तसा.
जास्त झालं असावं. त्यानं आणखी वाळू उपसली.
"सकाळपासून हेच," कोरल कुजबुजली. "महिनोन्‌महिने हेच.
आणि पिल्लू निघतं ते एकटं,
डोक्यावरची वाळू झाडतं आणि पळत सुटतं.
बापाकडे वळूनही पाहत नाही.
बापही ओळखत नाही त्याला."

"नाव काय ह्याचं?"

"ङौ," ती म्हणाली.

मी म्हणालो, ङौ.
ती थबकली. "पाहुणे नौ म्हणतात, नाहीतर गौ.
तुला पहिल्या झटक्यात कसं जमलं?"
काय सांगणार? म्हटलं,
आमच्याकडे ह्याच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली होती,
फक्त कुणासाठी ते माहीत नव्हतं.

वहीत तिनं लिहिलं: जुने ढीग अकरा, चालू एक.
एकाखाली तिनं रेघ ओढली नाही,
पेन्सिल तशीच टेकवून ठेवली काही वेळ.

परतताना नोरीननं रस्त्यातच गाडी थांबवली,
मागून तीन खराटे काढले.
हंगामाचे ट्रक इथून जाताना गहू सांडतात;
दाणे टिपायला ङौ डांबरावर येतो,
आणि पुढचा ट्रक थांबत नाही.

आम्ही झाडत होतो.
ट्रक आला की तिघंही कडेला, तोंडावर रुमाल.
एका ड्रायव्हरनं हात केला.
धूळ बसली, आणि पुन्हा
मूठभर दाणे.