चतुःसीमा

माझं ऑफिस म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या शटरची उरलेली बाजू.
एक टेबल, दोन धड खुर्च्या गिऱ्हाइकाला,
तुटकीवर मी.
मागं भिंतीवर लेआउटचा नकाशा:
बाग हिरवी, रस्ता बारा मीटर,
मंदिराला राखलेला चौकोन पिवळा.
जाग्यावर सगळं काळं आहे.
पाय टाकला की माती चप्पल मागून घेते.

पाथरी रोडला उन्हात उभं राहून
बुटाच्या टोकानं रेघ ओढतो:
हे किचन. इथं मोरी. इकडून स्कूटी आत.
बाई हमखास रेघेच्या आत येते,
नवरा बाहेरच, भाव पाडत.
नसलेल्या ओट्यापुढं बाईचा हात जरा वर गेला
की समजायचं, इसार येणार.

बाकी सगळा धंदा शेजाऱ्यांचा.
पूर्वेस गटाचा उर्वरित भाग, पश्चिमेस नाला
(चार महिने नाला, आठ महिने पोरांचं क्रिकेट),
उत्तरेस अमुक, दक्षिणेस तमुक.
कागदावर आपली जागा दुसरेच ठरवतात.
जेवायला बसलो तरी तेच डोक्यात:
उत्तरेस ठेचा. दक्षिणेस बायको, आज गप्प.

बुधवारी एक सिस्टर आल्या,
सरकारी दवाखान्यात बदलीवर.
दोन खोल्या पाहिजेत, नळ आत पाहिजे,
रात्रपाळी असते, फाटक उघडणारं कुणी पाहिजे.
मी रिटायर मुख्याध्यापकांना फोन लावला.
कोण लोक आहेत?
नोकरदार, सर. एकट्याच.
तसं नाही हो. आडनाव?
रणखांबे, म्हणालो.
तिकडं पंखा फिरत असल्याचा आवाज आला थोडा वेळ.
मग म्हणाले, पुतण्याचं लग्न निघालंय, खोली घरातच लागंल.

दुसऱ्या घरीही पुतण्याच निघाला.
सेलूत इतके पुतणे असतील, वाटलं नव्हतं.

हे खोटं आहे. चांगलं माहीत होतं.
माझ्या वहीत अशा घरांपुढं बारीक टिंब असतं.
बारा वर्षं देतोय टिंबं.
त्या लोकांना त्या गल्लीत नेतच नाही,
पेट्रोल वाचतं.
बुधवारी फोन का लावला, सांगता येत नाही.
कदाचित त्या समोर बसल्या होत्या म्हणून,
आणि वही उघडी होती.

मॅडम, त्यांच्या पुतण्याचं लग्न आहे, म्हणालो.
सिस्टरनं पर्सची चेन लावली.
परतूरला भाचा होता, म्हणाल्या.

रेल्वे गेटपलीकडं बिल्किस खालाचं घर.
संडास अंगणात, भाडं दोनशे जास्तच,
रात्रीची गाडी गेली की भांडी एकमेकांना लागतात.
खालानं आडनाव नाही विचारलं.
शुगर की सुई लगाना आता ना? एवढंच.
आता है, म्हणाल्या सिस्टर.
फिर मेरे को फुकट लगाना.
नंतर बराच वेळ दोघी लाइट बिलावरून भांडल्या.

मी बघत होतो, हात वर जातो का.
त्या ओट्याकडं गेल्याच नाहीत.
आधी दार लावून घेतलं,
आतून कडी बसते का पाहिली,
उघडली, परत लावली.
मी बाहेर चप्पल घालून उभा.

कमिशन घेतलं. दोघींकडून, अर्ध्या अर्ध्या महिन्याचं.
पोरीची फीस राहिली होती.
रात्री वही काढली.
टिंबं बॉलपेनची आहेत.
खालाच्या नावापुढं काही खूण करावी वाटलं,
कोणती, सुचलं नाही.

आज सकाळी मुख्याध्यापकांचा फोन.
अरे, खोली रिकामीच पडलीय,
चांगलं गिऱ्हाईक असलं तर बघ.
बघतो सर, म्हणालो.
पुतण्याचा आहेर कुठं पाठवायचा,
ते विचारायचं राहून गेलं.